वाताहत आणि तिचा गोतावळा

ऑक्टोबर सरत आला की गोंदिया जिल्ह्यातला हलका धान कापणीला येतो, आणि परतीचा पाऊस नेमका तेव्हाच गाठतो. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात दोन शब्द हमखास सापडतात. धानाची ‘वाताहत’ झालेली असते आणि शेतकरी ‘हवालदिल’ झालेला असतो. वर्ष बदलते, तालुका बदलतो, कधी अर्जुनी मोरगाव असतो तर कधी आमगाव किंवा सालेकसा; हे दोन शब्द मात्र जागचे हलत नाहीत. बातमीदाराला दोष देऊन उपयोग नाही. रात्री दहाला पान लावायचे असते आणि मथळ्यात चार शब्दांचीच जागा असते. पण गंमत अशी, की पाण्याखाली गेलेल्या पिकासाठी आपण जो शब्द वापरतो त्यात पाणी कुठेच नाही.

वाताहत म्हणजे वात अधिक आहत: वाऱ्याने झोडपलेले, वाऱ्याचा तडाखा बसलेले. संस्कृतात हे साधे विशेषण. झाड, ज्योत, नौका यांपैकी काहीही वाताहत असू शकते. मराठीने विशेषणाचे नाम केले, त्याला स्त्रीलिंग दिले आणि वाऱ्यालाच बाजूला सारले. आता कुटुंबाची वाताहत होते, पक्षाची होते, गिरणी बंद पडल्यावर कामगार वस्तीची होते. कुठेही वारा सुटलेला नसतो. जुन्या अर्थातली एक गोष्ट मात्र शब्दाने सोडलेली नाही. जे आधी एकत्र होते आणि नंतर चहूकडे विखुरले, त्याचीच वाताहत होते. एकट्या दगडाची वाताहत होत नाही, भिंत फुटली म्हणजेही होत नाही. त्या भिंतीआडचे घर पांगले म्हणजे होते. ‘वाताहात’ असेही पुष्कळजण लिहितात. बहुधा ‘वाता’मागून येणारा ‘हात’ जिभेला सोपा वाटत असावा. कोशातले रूप मात्र वाताहत.

याच शब्दाचा एक सख्खा भाऊ मराठीत परदेशातून येऊन राहिला आहे आणि दोघांनी एकमेकांना ओळखलेले नाही. तो शब्द म्हणजे बरबाद. फारसीत ‘बर’ म्हणजे वर आणि ‘बाद’ म्हणजे वारा. बरबाद म्हणजे वाऱ्यावर गेलेले. फारसीतला ‘बाद’ आणि संस्कृतातला ‘वात’ हे मुळात एकच. इराणी आणि भारतीय भाषा वेगळ्या होण्याआधीचा तो शब्द. म्हणजे नाशाची कल्पना वाऱ्यावरून बेतण्याचे काम दोन भाषांनी आपापल्या घरी बसून केले, एकाच मुळाच्या शब्दाने केले, आणि पुढे दोन्ही शब्द मराठीच्या अंगणात भेटले. ‘आबाद’ आणि ‘बरबाद’ ही जोडी आपण विरुद्धार्थी म्हणून पाठ करतो. त्यांचे यमक निव्वळ योगायोगाचे आहे. आबादमध्ये वारा नाही, आणि लोक सांगतात तसे ‘आब’ म्हणजे पाणीही नाही. राखलेली, कसलेली, वसलेली जमीन असा त्याचा जुना अर्थ आहे.

वाराच का, याचे उत्तर कोशात मिळत नाही. खळ्यात उपणणीच्या वेळी वारा हवाच असतो. भूस उडते आणि दाणा खाली राहतो. त्याच वाऱ्याने दाणाही उडाला तर वर्ष गेले. एवढे ज्याने पाहिले आहे त्याला वाताहत आणि दाणादाण हे शब्द शेजारी शेजारी का बसतात ते सांगावे लागत नाही. दाणादाण आज आपण फौजेची किंवा क्रिकेट संघाची करतो, पण तिच्यातला दाणा उघड आहे: सांडलेले, पुन्हा वेचता न येणारे धान्य. ‘दाणा’ फारसी दाना आणि संस्कृत धाना यांच्या गोत्रातला. ते दोघेही पुन्हा नात्यातलेच.

वाऱ्यानंतर धूळ. धूळधाणमधला पहिला भाग कोणालाही कळतो. हिंदीतही धूलधानी आहे. विदर्भात ण चा न होतो, त्यामुळे इकडच्या बोलण्यात या शब्दाच्या शेपटाला आपोआप ‘धान’ ऐकू येते. व्युत्पत्तीशी त्याचा काडीचा संबंध नाही, पण ऑक्टोबरमध्ये तो ऐकताना संबंध नाही असे म्हणवत नाही. अधिक आडून येणारी धूळ ‘उद्ध्वस्त’मध्ये आहे. ध्वंस् या धातूचा अर्थच मोडून पडणे, चुरा होऊन विखुरणे. त्याला वि लागला की विध्वंस, उद् लागला की उद्ध्वस्त. द, ध आणि व यांची ही दाटी लिहिताना बहुतेकांचा द गळतो आणि ‘उध्वस्त’ उरतो. शुद्धलेखनाच्या पुस्तकांनी या शब्दावर जेवढी शाई खर्च केली तेवढी त्याच्या अर्थावर क्वचितच कोणी केली असेल.

सगळ्यात सुंदर चूक मात्र ‘बेचिराख’मध्ये आहे. राख झाली, जळून गेले, असाच अर्थ मराठी माणूस घेतो. राखरांगोळी शेजारीच उभी असल्यामुळे शंकाही येत नाही. मूळ शब्द फारसी बेचिराग. चिराग म्हणजे दिवा. ज्या गावात संध्याकाळी एकही दिवा लागत नाही ते गाव बेचिराग. तिथे आग लागली असेलच असे नाही. दुष्काळ, साथ, लूट, सारावसुलीचा जाच, कशानेही माणसे उठून गेली की गाव बेचिराग होई. महसुली दप्तरात हा शब्द ओसाड गावासाठी रीतसर वापरात होता. पुढे ग चा ख झाला, राख आत शिरली आणि दिवा विझला. पूर्व विदर्भात अशा गावांना ‘रिठी’ म्हणतात. कागदावर नाव, हद्द, गट क्रमांक सगळे आहे; माणूस नाही. वैनगंगेच्या खोऱ्यातल्या महसुली याद्यांमध्ये आजही गावाच्या नावापुढे ‘रिठी’ लिहिलेले आढळते.

महसूल खात्याच्या कपाटात नाशाचे असे पुष्कळ शब्द निवृत्त होऊन बसले आहेत. अरबी ‘खराब’ म्हणजे मुळात उजाड, पडके, भग्न. मराठीत भाजी खराब होते, मूड खराब होतो, आणि सातबारावर ‘पोटखराब’ असते: शेताच्या पोटातला न पिकणारा तुकडा. एका शब्दाने नगराच्या भग्नावशेषापासून बांधाजवळच्या खडकाळ गुंठ्यापर्यंत मजल मारली. ‘नुकसान’ही अरबीच, अर्थ उणेपणा, घट. तेव्हा पंचनाम्यात नुकसान टक्क्यांत मोजतात ते शब्दाला धरूनच आहे. पंचनामा हा शब्द तर अर्धा आपला, अर्धा फारसी. १६७४ च्या राज्याभिषेकानंतर शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला आणि कारभारातल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. कितीतरी पदनामे बदलली. नुकसान, हाल आणि हवालदिल मात्र लोकांच्या तोंडून गेले नाहीत.

हवालदिलचा हवाल्याशी किंवा हवालदाराशी संबंध नाही. अरबी ‘हौल’ म्हणजे धास्ती, ‘दिल’ फारसी; ज्याच्या काळजात धास्ती बसली तो हौलदिल. शब्द नेमका आहे. पीक गेल्याचे दुःख वेगळे आणि उद्याच्या हप्त्याची धास्ती वेगळी. मथळा अनवधानाने दुसरी गोष्ट सांगत असतो. ‘हाल’ची कथा याहून तिरकस आहे. अरबीत हाल म्हणजे नुसती अवस्था, बरी किंवा वाईट. मराठीत आल्यावर बरी अवस्था गळून गेली. हाल होतात ते वाईटच. त्याच ‘हाल’चे अरबी अनेकवचन ‘अहवाल’, आणि ते मराठीत सरकारी कागद होऊन बसले. हाल झाले की अहवाल मागवला जातो, यातली विनोदबुद्धी भाषेची, प्रशासनाची नव्हे. ‘दैना’ त्यामानाने साधी. दैन्याचे घरगुती रूप, आणि ती उडते. रस्त्यात चिखल झाला तरी उडते.

शब्दांऐवजी घटनेनेच नाव दिल्याची उदाहरणे मराठीत मोजकी आहेत, पण वजनदार आहेत. १४ जानेवारी १७६१ च्या लढाईने ‘पानिपत होणे’ हा वाक्प्रचार दिला, आणि विश्वासरावांच्या मृत्यूवरून ‘विश्वास पानिपतात गेला’ ही कोटीही. ‘संक्रांत कोसळणे’ हेही पानिपतावरूनच आले, असे हिरिरीने सांगितले जाते. हिशेब तसा जुळत नाही. संक्रांतीची इंग्रजी तारीख सुमारे सत्तर वर्षांत एक दिवस पुढे सरकते. विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा आणि त्या दिवशी मकरसंक्रांत होती. त्याच्याही शंभर वर्षे आधी ती १४ ला येणे शक्य नाही. लढाईच्या दिवशी संक्रांत होऊन गेलेली होती. वाक्प्रचाराचे मूळ पंचांगात शोधणे अधिक बरे. संक्रांतीदेवी कोणत्या वाहनावर बसली आहे, कुठून येते, कुठे पाहते याचे फल पंचांगात सांगतात, आणि तिची नजर जिकडे वळेल तिकडे अरिष्ट, ही समजूत मराठी घरांत अजून जिवंत आहे. अरिष्टाचेही एक कोडेच आहे. संस्कृतात त्याचा एक अर्थ ‘सुरक्षित, इजा न झालेला’ आणि दुसरा ‘अपशकुन, मरणाचे चिन्ह’. वैद्याकडच्या दशमूलारिष्टात यांतला कोणता अर्थ शोधायचा ते ज्याने त्याने ठरवावे.

इतर भाषांनी संकटाकडे कुठून पाहिले हे पडताळून पाहण्यासारखे आहे. इंग्रजी ‘डिझॅस्टर’ इटालियनमधून आला. त्यात ‘अ‍ॅस्ट्रो’ म्हणजे तारा आहे, प्रतिकूल तारा. ‘कॅटॅस्ट्रॉफी’ ग्रीक, अर्थ उलथणे. तो आधी नाटकाच्या शेवटासाठी वापरत. आपले ‘संकट’ मात्र आकाशात पाहत नाही. त्याचा मूळ अर्थ अरुंद, चिंचोळे. सांकड आणि सांकडे ही त्याचीच मराठी रूपे. जर्मन ‘आंग्स्ट’ म्हणजे भीती, तिच्याही मुळाशी अरुंदपणाच आहे. ‘आपत्ती’ पद् धातूची: अंगावर येऊन पडते ती. २००५ च्या केंद्रीय कायद्यानंतर जिल्हाधिकारी कार्यालयात आपत्ती व्यवस्थापनाचा कक्ष सुरू झाला आणि अंगावर कोसळणाऱ्या गोष्टीचे व्यवस्थापन ही कल्पना रूढ झाली.

जुना कारभार या बाबतीत अधिक रोखठोक होता. त्याने संकटाचे दोनच प्रकार केले: आसमानी आणि सुलतानी. पाऊस, टोळ, रोग हे आसमानी. फौज, लूट, जुलमी वसुली हे सुलतानी. साऱ्यात सूट द्यायची की नाही, किती द्यायची, याचा विचार या दोन शब्दांच्या आधाराने होई, कारण संकट कोणी आणले यावर कोणी सोसायचे ते ठरत असे.

हे वर्गीकरण मोडीत काढण्याचे कारण नाही. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला पूर आला तेव्हा गोंदिया, भंडारा, गडचिरोली आणि चंद्रपूर या चार जिल्ह्यांत नदीकाठ बुडाला. पाऊस मध्य प्रदेशात पडला होता. सिवनी जिल्ह्यातल्या संजय सरोवर धरणाचे दरवाजे उघडले गेले, ते पाणी बालाघाटमार्गे खाली आले आणि तिरोडा, गोंदिया तालुक्यांतल्या उभ्या धानात शिरले. पुढे गोसेखुर्दचेही दरवाजे उघडावे लागले. पाणी आसमानाचे, दरवाजा माणसाचा. दोन राज्यांच्या पाटबंधारे खात्यांनी वेळेवर निरोप दिला-घेतला की नाही, यावर बरेच दिवस वाद झाला. बातम्यांत शब्द होता तो एकच, वाताहत; आणि त्यात हा प्रश्न मावत नव्हता. तलावांच्या या मुलखात ‘पाळ फुटली’ असे म्हटले की पाळ कोणाच्या ताब्यातली, दुरुस्ती कधी झाली होती, असे पुढचे प्रश्न लगेच निघतात. गावचा सारा गोळा करणारे मालगुजार होते तोवर उत्तरही गावातच मिळे. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले, ‘माजी मालगुजारी’चे ‘मामा’ झाले, आणि उत्तर शोधायला तालुक्याला जावे लागू लागले.

सरकारी भाषेने आता आसमानी-सुलतानीच्या जागी आकडे बसवले आहेत. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला तर ती अतिवृष्टी. पीक ३३ टक्क्यांहून अधिक गेले तर मदत. २०१५ च्या आधी ही रेषा ५० टक्क्यांवर होती. पिकाच्या उत्पन्नाचा अंदाज सांगणारी पैसेवारी ५० पैशांच्या खाली गेली की टंचाईच्या सवलती. आणे चलनातून जाऊन कित्येक वर्षे झाली तरी गावात तिला अजून आणेवारीच म्हणतात. आकड्यांना विरोध करण्यात अर्थ नाही, कुठेतरी रेघ ओढावीच लागते. पण लोकांचा शब्द आणि नियमावलीचा शब्द जिथे भेटत नाहीत तिथे भांडण उभे राहते. ‘ओला दुष्काळ’ हे त्याचे ताजे उदाहरण. दुष्काळ म्हणजे वाईट काळ. पाणी नसणे ही त्याची व्युत्पत्तीतली अट नाही, त्यामुळे ओला दुष्काळ म्हणण्यात भाषेची काहीच चूक नाही. २०२५ च्या पावसाळ्यात मराठवाडा पाण्याखाली गेला तेव्हा तो जाहीर करण्याची मागणी झाली. नियमावलीत अशी संज्ञाच नाही असे सरकारने सांगितले, आणि दुष्काळात मिळणाऱ्या सवलती लागू केल्या. सवलती मिळाल्या, शब्द मिळाला नाही.

पावसापाण्याशी संबंध नसलेला नाशही गोंदियाने पाहिला आहे. २०१७ च्या खरिपात धानावर तुडतुडा पडला. हा बारीक कीटक बुंध्याशी बसून रस शोषतो. हिरव्या बांधीत आधी पिवळे, मग तपकिरी गोल ठिपके दिसतात आणि ते पसरत जातात. दुरून पाहणाऱ्याला कोणी जागोजागी आग लावल्यासारखे वाटावे. फेब्रुवारी २०१८ मध्ये कापसावरच्या बोंडअळीबरोबर तुडतुड्यासाठीही मदत जाहीर झाली. पाण्यात उभ्या असलेल्या या पिकाच्या रोगांची नावे बहुतेक आगीवरून आहेत हे लक्षात येते: करपा, कडा करपा. गेल्या काही वर्षांत छत्तीसगडकडून गडचिरोलीमार्गे आलेला रानटी हत्तींचा कळप अर्जुनी मोरगावच्या धानात उतरू लागला, तेव्हा वर्तमानपत्रांनी ‘धुमाकूळ’ काढला. धूम अधिक आकुल, धुराने भरलेले. हत्तींनी धूर केला नव्हता. त्यांना हाकलायला निघालेल्या माणसांनी टेंभे पेटवले, धूर तो तेवढाच. ‘हैदोस’ही वापरून झाला. त्याच्यामागे मोहरमच्या मिरवणुकीतली आरोळी असल्याचे सांगतात.

हे सगळे शब्द कोशांत आहेत. मोल्सवर्थचा कोश १८३१ मध्ये निघाला, वाढवलेली आवृत्ती १८५७ मध्ये, दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ ते १९३८, कृ. पां. कुलकर्णी यांचा व्युत्पत्तिकोश १९४६. या कोशांचा पाया कोकण आणि देश इथल्या मराठीचा. मोल्सवर्थची पहिली आवृत्ती निघाली तेव्हा वैनगंगेचा हा काठ नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता. ते राज्य खालसा झाले तिसरे रघुजी १८५३ मध्ये वारल्यावर. त्यामुळे इथल्या झाडीपट्टीचे शब्द या कोशांत तुटपुंजे आहेत. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोलीचा शब्दकोश सिद्ध केला तेव्हा त्यांतले पुष्कळ पहिल्यांदा एकत्र छापले गेले. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळ्या झालेल्या गोंदिया जिल्ह्यात झाडीबोलीबरोबर पोवारी, गोंडी, छत्तीसगढी आणि हिंदीही रोजच्या व्यवहारात आहेत. एकाच बाजारात नुकसान पाच भाषांत सांगितले जाते.

धानाचा शेतकरी मात्र बोलताना वाताहत क्वचितच म्हणतो. तो पीक कोणत्या टप्प्यावर गेले ते सांगतो, आणि ऐकणाऱ्याला पुढचे कळते. परे वाहून गेले म्हणजे रोपे गेली, पण दुसरीकडून परे मिळाले तर रोवणी अजून होऊ शकते. रोवणी खोळंबली म्हणजे पाऊस नाही. धान निसवताना पाऊस झोडपून गेला म्हणजे लोंब्या पोचट राहणार. कडपा भिजल्या म्हणजे कापलेला धान बांधीत पसरून वाळायला ठेवला होता आणि त्यावर पाणी पडले. दाणा काळा पडणार, कोंब फुटणार, खरेदी केंद्रावर ओलाव्याचे कारण निघणार. पुंजणे जळाले म्हणजे वाळलेला, रचून ठेवलेला, मळणीला तयार असलेला धान गेला. त्या हंगामात करण्यासारखे काही उरत नाही, आणि आग कोणी लावली याची कुजबूज तेवढी उरते. खर्च किती झाला होता, काय वाचू शकते, कर्ज कुठवर आले, हे सगळे त्या एका शब्दात असते.

यांतला ‘कडपा’ हा शब्द पीकविम्याच्या नियमांत वेगळ्या वेषात येऊन गेला. २०१६ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेत ‘काढणीपश्चात नुकसान’ अशी एक बाब होती: कापून शेतात वाळवण्यासाठी पसरून ठेवलेले पीक, कापणीपासून चौदा दिवसांपर्यंत, सूचना बहात्तर तासांच्या आत. दिल्लीच्या मसुद्याला ज्यासाठी अर्धे वाक्य लागले ती वस्तू म्हणजे कडपा. २०२५ च्या खरिपापासून महाराष्ट्राने एक रुपयातला विमा बंद केला आणि ही बाबही वगळली. आता भरपाई पीक कापणी प्रयोगाच्या उत्पन्नावर ठरते. प्रयोगात मंडळातल्या निवडक शेतांमधला ठरावीक चौरस कापून तिथल्या तिथे दाणा तोलतात. त्यानंतर आठवड्याने बांधीत पसरलेल्या कडपांवर पडणारा पाऊस त्या तोलात येत नाही.